मेणाच्या घराचे समीक्षक

चिऊ-काऊची गोष्ट आपल्या बालसाहित्यविचाराने फार लवकर निकालात काढली आहे. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. पावसात पहिले वाहून गेले, दुसरे टिकले. तात्पर्य, टापटीप आणि दूरदृष्टी. उत्तरपत्रिकांतून हे तात्पर्य मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे, आणि त्यात दोष विद्यार्थ्यांचा नाही. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९७६ साली तीन डुकरांच्या कथेत सुखतत्त्वाकडून वास्तवतत्त्वाकडे होणारा प्रवास वाचला. तेच माप चिऊच्या दाराला लावले की भागते, हा समज त्यांना आपणच दिला.

परंतु डुकराच्या दाराबाहेर लांडगा आहे. चिऊच्या दाराबाहेर भिजलेला शेजारी. तिथे दार बंद ठेवण्यावर जगणे अवलंबून आहे, इथे दार न उघडण्याच्या सबबी आहेत. कथेचा सारा विस्तार या सबबींचाच: बाळाला न्हाऊ घालायचे, पुसायचे, तीट लावायची, पावडर लावायची. (पावडर या कथेत केव्हा शिरली, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय.) मुले पुनःपुन्हा ऐकू मागतात ती हीच जागा, घरबांधणी एका वाक्यात आटोपते. काही पाठांत तर अखेरीस काऊला ऊब मिळावी म्हणून तापल्या तव्यावर बसवले जाते. या शेवटात टापटीप कुठे बसवायची?

शिवाय ऐकणारे मूल कोणत्या घरात बसले आहे, हे 'सार्वत्रिक बालमना'ची भाषा करणारे विचारीत नाहीत. कोरपना तालुक्यात माणिकगड डोंगराकडच्या कोलाम-गोंड वस्त्यांत कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपतात. शेण तिथे घाण नव्हे, घराची सामग्री आहे. म्हणजे वाहून जाते ते श्रोत्याचेच घर. आणि न वाहणाऱ्या घरांचे सिमेंट त्याच तालुक्यातल्या चुनखडीतून तयार होऊन बाहेर जाते. उलट मेणाचे घर? चंद्रपूरचा पारा ४७ अंशांपार जातो. वैशाखात त्या घराचे काय होईल, हे तिथल्या कुठल्याही पोराला सांगावे लागत नाही. गोष्ट पावसाळ्यातच संपते, एवढ्यावर चिऊचे शहाणपण टिकून आहे.

हे वाचन संहितेबाहेरचे आहे, असा आक्षेप येईल. मग ते तात्पर्य तरी संहितेतले कुठे आहे? मी ऐकलेल्या एकाही तोंडी पाठात निवेदक चिऊला शहाणी म्हणत नाही. तो तिच्या सबबी मोजतो, आणि पाऊस पडतच असतो.