नऊ सूत आखूड फळी

गेल्या वर्षी घरातील कोनाड्यात पुस्तकांसाठी फळी बसवायची होती. कोनाडा मोजला तर बरोबर सहा फूट भरला. वखारीत मात्र माप सेंटिमीटरमध्ये मागितले. एक फूट म्हणजे ३० सें.मी. असा तोंडी हिशेब करून मी १८० लिहून दिले. मी भौतिकी शिकवतो, हेही येथे कबूल केले पाहिजे! फळी आली, मिस्त्रींनी ती कोनाड्याला लावून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "सर, नऊ सूत कमी पडतंय."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. १९५९ सालच्या आंतरराष्ट्रीय करारापासून एक इंच म्हणजे नेमके २५.४ मि.मी. तेव्हा सहा फूट म्हणजे १८२.८८ सें.मी. फुटामागे चूक अवघी ४.८ मि.मी.; पण ती सहा वेळा साचली. तुमच्या कंपासपेटीतील पट्टी पाहा. सहा इंचांची खूण पंधरा सें.मी.च्या किंचित पुढे असते. तो 'किंचित'च मी विसरलो होतो.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, तरी सुतारकामात इंच आणि सूत टिकून आहेत. याला अडाणीपणा म्हणणे मला पटत नाही. अर्धा, पाव, अर्धपाव असे निम्मे करीत जाणे हाताला सोपे असते. घोटाळा होतो तो दोन पद्धतींच्या सीमेवर. १८ मि.मी. जाडीच्या प्लायवूडला सर्रास 'पाऊण इंची' म्हणतात. पण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मि.मी. कपाटात अशा पाच उभ्या फळ्या धरल्या, तर हिशेब सव्वापाच मि.मी.नी चुकतो आणि खण खुळखुळतात. येथे रूपांतराचे कोष्टक उपयोगी नाही. हातातली फळीच मोजावी लागते.

शिक्षकबंधूंना माझे म्हणणे एवढेच, की फुटांचे सेंटिमीटर करताना चार दशांश स्थळांसाठी गुण देणे आता पुरे. करवतीचे पातेच दोन-तीन मि.मी. लाकूड खाते! उत्तर किती मि.मी.पर्यंत बरोबर हवे, हे विद्यार्थ्यालाच ठरवू द्या. आधी सर्व मापांची बेरीज, मग रूपांतर आणि अगदी शेवटी पूर्णांकात आणणे, हा क्रम त्याच्या अंगवळणी पडू द्या.

नव्या फळीसाठी मिस्त्रींनी टेप काढलीच नाही. एक सरळ काठी कोनाड्यात धरून खूण केली आणि तीच काठी फळीवर ठेवून करवत चालवली.