सही कोणाची?

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कागद हातात आला की मजकूर वाचण्याआधी त्याची नजर खाली सहीकडे जाते. सही कोणाची, आणि ती करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? निवृत्तीनंतरही ही खोड सुटत नाही. ख्रिस्ती शुभवर्तमाने मी पहिल्यांदा वाचली ती वसईकडच्या एका शाखेत असताना, आमच्या हेड कॅशिअरनी दिलेल्या मराठी प्रतीत. तिथेही मला अडवले ते याच प्रश्नाने.

मार्कच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय. कफर्णहूम गावी येशू एका घरात बोलत बसला आहे. दाराशी पाय ठेवायला जागा नाही. चौघे जण एका लुळ्या माणसाला बाजेवर घालून आणतात, आत शिरता येईना म्हणून छपरावर चढतात, छप्पर उसकटतात आणि बाज खाली सोडतात. (घरमालकाचे काय झाले, हा प्रश्न कर्जखात्यात काम केलेल्या माणसाला पडतोच.) आता येशू त्याला बरे करणार, असे आपल्याला वाटते. पण तो आधी त्याला पापांची क्षमा देऊन मोकळा होतो. तिथे बसलेले शास्त्री मनातल्या मनात चरफडतात. क्षमा करणारा एक देव. हा कोण टिकोजी? त्यांचा आक्षेप, खरे सांगायचे तर, बिनतोड आहे. त्यावर येशू विचारतो की क्षमा झाली असे म्हणणे सोपे, की ऊठ आणि चालू लाग असे म्हणणे सोपे? क्षमा झाली की नाही हे कोणाला दिसत नाही. लुळा उठला नाही तर मात्र सगळ्या गावाला दिसते. आणि क्षमेचा अधिकार आपल्याला आहे हे त्यांना कळावे म्हणून, केवळ म्हणून, तो त्या माणसाला उठवतो.

म्हणजे रोग बरा होणे हा या गोष्टीचा गाभा नाही. न दिसणाऱ्या अधिकाराखाली केलेली ती दिसणारी सही आहे. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे ज्ञानदेवांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिथेही प्रश्न रेड्याचा नसतो. या मुलांना अधिकार आहे की नाही, हा असतो.

अडचण सुरू होते ती इथून. दिसणाऱ्या सहीवरून न दिसणारा अधिकार मान्य होत असेल, तर सहीची नक्कल करणारे निघणारच. शुभवर्तमानाला ही भीती ठाऊक असावी. बऱ्या झालेल्यांना येशू वारंवार बजावतो की कोणाला सांगू नका. परूशी चिन्ह मागतात तेव्हा तो उसासा टाकून नकार देतो. आणि यरुशलेमच्या मंदिरात मुख्य याजक त्याला सरळ विचारतात की हे सारे तू कोणत्या अधिकाराने करतोस, तेव्हा तो योहानाच्या बाप्तिस्म्याविषयी उलट प्रश्न टाकतो आणि उत्तर देतच नाही. ज्याच्यापाशी सर्वांत मोठा अधिकार होता असे ख्रिस्ती श्रद्धा मानते, त्याने तो मागणीनुसार सिद्ध करून दाखवायला नकार दिला, ही गोष्ट मला त्या छपरातून सोडलेल्या बाजेइतकीच महत्त्वाची वाटते.

पुढची पत्रे वाचताना तर आणखी एक मौज दिसते. पौलाच्या देहात कसला तरी काटा सलत होता. तीन वेळा विनवूनही तो निघाला नाही. तीमथ्याला पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला पौलाच्या नावावरच्या पत्रात आहे. हात ठेवून प्रार्थना करतो, असे तिथे म्हटलेले नाही. त्रफिम आजारी पडला तर त्याला मिलेत शहरात मागे ठेवून पुढे जावे लागले. ज्यांनी चमत्कार पाहिले असे सांगितले जाते, त्यांच्याच मंडळीत माणसे आजारी राहत होती आणि त्याबद्दल कोणी त्यांच्या विश्वासाचा ताळेबंद मागत नव्हते.

कॅथलिक चर्चने पुढे या सह्या तपासायला चक्क एक यंत्रणा उभी केली. अठराव्या शतकात प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी या धर्मपंडिताने चमत्काराच्या कसोट्या लिहून काढल्या: आजार गंभीर हवा, आपोआप उतरणीला लागलेला नको, औषधाने बरा झालेला नको, बरे होणे एकाएकी, पूर्ण आणि टिकाऊ हवे. हे गृहस्थ अनेक वर्षे संतपदाच्या प्रस्तावांत खोड काढण्याच्या पदावर होते. लोक त्या पदाला सैतानाचा वकील म्हणत. 1740 मध्ये तेच पोप झाले. आमच्याकडे इतके आक्षेप काढणाऱ्या इन्स्पेक्टरला बढती मिळाल्याचे मी तरी पाहिले नाही.

याच धोरणावर फ्रान्समधल्या लूर्दचे काम चालते. 1858 मध्ये तिथे बर्नादेत सुबिरू या 14 वर्षांच्या मुलीने आपल्याला गुहेपाशी 18 वेळा दर्शन झाल्याचे सांगितले. तिथल्या झऱ्यावर तेव्हापासून आजाऱ्यांची रीघ आहे. 1883 पासून तिथे डॉक्टरांचे कार्यालय आहे. कुठल्याही धर्माचा किंवा कुठलाच धर्म न मानणारा डॉक्टर तिथे जाऊन तपासणीत भाग घेऊ शकतो. बरे झाल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदी झाल्या. चमत्कार म्हणून 2025 पर्यंत मान्य झाल्या त्या 72. डॉक्टर चमत्कार हा शब्द वापरतच नाहीत. आजच्या वैद्यकज्ञानाने उलगडा होत नाही, एवढ्यावर त्यांची सही. चमत्कार म्हणायचे की नाही, ते रुग्णाच्या गावचा बिशप ठरवतो. दोन सह्या, दोन वेगळे अधिकार, आणि एकाने दुसऱ्याच्या रकान्यात हात घालायचा नाही. कुठल्याही बँकेला हेवा वाटावा.

यातली 71वी नोंद जॉन ट्रेनर या लिव्हरपूलच्या नौसैनिकाची. पहिल्या महायुद्धात जखमी झालेला. उजवा हात निकामी, फिट येणाऱ्या, चालता येईना. 1923 मध्ये लूर्दला गेला आणि बरा होऊन परतला. पुढे कोळशाच्या धंद्यात राबला. चर्चने चमत्कार मान्य केला डिसेंबर 2024 मध्ये, म्हणजे 101 वर्षांनी. इकडे ब्रिटिश सरकारने त्याला कायमचा अपंग ठरवले होते, ते त्याचे पेन्शन शेवटपर्यंत चालूच राहिले. हयातीच्या दाखल्यासाठी दर नोव्हेंबरला रांगेत उभा राहणारा मी, हे वाचून बराच वेळ हसत होतो.

बर्नादेतचे काय झाले? दम्याने आणि हाडाच्या क्षयाने ती 1879 मध्ये नेव्हेरच्या मठात वारली. वय 35.

ही यंत्रणा निर्दोष आहे असे मात्र नाही. मदर तेरेसांच्या धन्यघोषणेसाठी 1998 मधली पश्चिम बंगालच्या एका आदिवासी बाईची पोटातली गाठ विरघळल्याची घटना धरली गेली. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी जाहीरपणे म्हटले की गाठ क्षयाची होती आणि औषधांनी गेली. 2003 मध्ये घोषणा झाली ती झालीच. डॉक्टरांचे म्हणणे असे असताना दुसरी सही व्हायला नको होती, असे माझे मत आहे. मदरची थोरवी त्या गाठीवर अवलंबून नव्हती.

पण लूर्द आणि रोम दूर राहिले. ज्या माणसासाठी हे लिहायला बसलो तो आमचा हेड कॅशिअर.

1989च्या सुमाराची गोष्ट. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला फिट यायच्या. मुंबईच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण डोस चुकत, आणि महिन्या-दोन महिन्यांनी मुलगी कोसळे. त्यांच्या पत्नी तिला मैदानावरच्या एका प्रार्थनासभेला घेऊन गेल्या. त्या सभेचा त्यांच्या चर्चशी संबंध नव्हता. प्रचारकाने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, तू बरी झालीस म्हणाला, आणि आईला सांगितले की आता गोळी देणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे. त्या माउलीने रात्रीच गोळ्या खाडीत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हेड कॅशिअरनी नवे पाकीट आणले. रोज संध्याकाळी स्वतःच्या वाडीतले केळे सोलून, त्यात गोळी चुरून ते मुलीला भरवू लागले. डोस आता एकही चुकत नव्हता. फिट थांबल्या. पण हेही खरे की त्या सभेनंतर एकही फिट आली नाही, आणि पत्नी दर वर्षी त्या सभेत उभी राहून साक्ष देत असे.

एकदा रोकड जुळवून झाल्यावर ते म्हणाले, "साहेब, ती सगळ्यांसमोर साक्ष देते, मी शेजारी हात जोडून उभा असतो. हे बनावट व्हाउचर झालं ना?"

मी तिशीतला, कशावरच विश्वास नसलेला. म्हणालो, "गोळी बंद करू नका म्हणजे झालं."

"ती करणार नाहीच," ते म्हणाले. "मी विचारलं ते वेगळं होतं."

आता ते दोघेही नाहीत. मुलगी अठरा वर्षांची असताना डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करून थांबवल्या. हा लेख लिहू का, असे विचारायला गेल्या महिन्यात मी तिला फोन केला. नाव घालू नका, एवढेच म्हणाली. मग थोड्या वेळाने हसली.

"काका, केळं कडू लागायचं. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण आई इतकी खूश होती, आणि बाबा भरवताना माझ्याकडे बघायचेच नाहीत."