भिंतीवरची ज्वारी

यंदाच्या चैत्रातील एक सकाळ. सामायिक आटोपून मी गॅलरीत वर्तमानपत्र उघडून बसलो होतो. बिबवेवाडीतील आमची सोसायटी जुनी आहे. आवारात एक थोरला कडुलिंब आणि दोन पर्जन्यवृक्ष अजून टिकून आहेत. त्यामुळे त्या वेळी पाखरांचा एवढा कलकलाट असतो, की घरातले बोलणे ऐकू येऊ नये. त्या दिवशी मात्र एकाएकी सारे थांबले. शाखेच्या दारात तपासनीस अचानक उभे राहिले म्हणजे काउंटरवर जशी शांतता पसरे, अगदी तशी. फक्त कडुलिंबावरची एक खार शेपटी झटकीत 'चिक् चिक्' करीत राहिली.

समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर आमची सौभाग्यवती गेली 20 वर्षे रोज सकाळी ज्वारी टाकते. पारवे, होले, चिमण्या तिथे जमतात. पारवे भुर्रकन उडाले. होल्यांची एक जोडी मात्र दाणे टिपीतच राहिली. तेवढ्यात पार्किंगमधल्या स्कूटरींच्या रांगेला लागून, जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवरून एक करडा पक्षी बाणासारखा आला, भिंतीपाशी पोचताच सरळ वर उसळला, आणि दोहोंपैकी एक होला त्याच्या पंजात होता. भिंतीच्या आडोशाने येण्याची ही युक्ती मी नंतर अनेकदा पाहिली. त्या दिवशी मात्र मला विचार करायला क्षणही मिळाला नाही. मी उठून जोराने टाळ्या वाजवल्या आणि ओरडलो. पक्षी दचकला. होला पंजातून सुटून कण्हेरीच्या वाफ्यात पडला.

दोन जिने उतरून मी खाली गेलो. होल्याच्या पाठीवर खोल जखम होती. वर आणून त्याला फडक्यावर ठेवले, चोचीशी पाण्याचा थेंब धरला. सौभाग्यवती शेजारी बसून नवकार म्हणत होती. पंधरा-वीस मिनिटांत त्याने मान टाकली.

मन विषण्ण झाले, तरी आत कुठेतरी 'आपण प्रयत्न तर केला' असे समाधान होते. ते दोन तासही टिकले नाही. नऊच्या सुमारास तोच पक्षी पुन्हा आला आणि त्याच भिंतीवरून दुसरा होला घेऊन गेला. या खेपेस मी गॅलरीत नव्हतो, नातवाने पाहिले. तो एवढेच म्हणाला, "आजोबा, तुम्ही पहिला सोडवला नसता, तर दुसरा वाचला असता ना?" 36 वर्षे जमा-खर्च तपासण्यात घालवलेल्या माणसाजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हते.

नातवासाठी पूर्वी घेतलेले डॉ. सलीम अली यांचे पुस्तक त्या दिवशी मी प्रथमच लक्षपूर्वक चाळले. हा शिक्रा. आकाराने पारव्याएवढाच, वजनाने मात्र त्याच्याहून हलका. म्हणूनच पारवे सोडून तो होल्यांवर झडप घालतो. छातीवर बारीक तांबूस पट्टे, गळ्यावर मधोमध एक काळसर रेघ. नराचे डोळे लालभडक असतात आणि मादी त्याच्याहून मोठी असते. आमच्याकडे येणारा लाल डोळ्यांचा, म्हणजे नर होता. एवढे कळल्यावर पुढचा उलगडा आपोआप झाला. मादी पर्जन्यवृक्षाच्या वरच्या बेचक्यात काटक्यांच्या घरट्यात बसलेली होती. अंडी उबवण्याचे सुमारे तीन आठवडे आणि पिले लहान असेपर्यंत शिकारीचा बहुतेक भार नरावर असतो.

त्यानंतर महिनाभर मी वही ठेवली. (निवृत्ताची खोड, दुसरे काय!) नर सावज आणी, दूरच्या फांदीवर बसून त्याची पिसे उपटी, मग 'किक्-की' अशी साद घाली, मादी उडून येई आणि त्याच्याकडून ते घेऊन घरट्याकडे जाई. त्याने आणलेल्यांत सरडे सर्वाधिक. मग पाली, उंदीर, खारीची पिले, कधी एखादा नाकतोडा. पक्षी त्या मानाने थोडे. आणि रिकाम्या पंजाने परतल्याच्या नोंदी या साऱ्यांहून अधिक. कोतवाल पक्षी त्याच्या पाठीमागे लागून त्याला पार रस्त्यापलीकडे पिटाळीत. एका दुपारी कावळ्यांनी त्याला इतके हैराण केले, की तो कडुलिंबाच्या दाट फांद्यांत तासभर निमूट बसून होता. हिंस्र म्हणून ज्याच्यावर मी टाळ्या वाजवल्या, त्याच्यासाठी आता मी नकळत कावळ्यांना हाकलू लागलो होतो. हे लिहितानाही संकोच वाटतो.

वैशाखात सोसायटीच्या सभेत विषय निघालाच. मार्केट यार्डात धान्याचा व्यापार असलेले आमचे एक ज्येष्ठ सभासद दरवर्षी पाखरांसाठी ज्वारीचे पोते स्वखुशीने देतात. त्यांच्या शब्दाला वजन आहे आणि असावेच. ते कळवळून म्हणाले, "जीवदया पाळणाऱ्यांच्या आवारात हे खाटकाचे बिऱ्हाड कशाला? माणूस बोलावून घरटे उतरवून टाकू. दिल्लीला लाल मंदिरातल्या पक्ष्यांच्या रुग्णालयातसुद्धा मांसाहारी पक्ष्याला ठेवून घेत नाहीत."

मी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आठवण करून दिली. कायद्याचे पाहू नंतर, आधी धर्माचे बोला, असे दोघेतिघे म्हणाले. त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. मग मी म्हणालो, "शेठजी, त्या रुग्णालयात जखमी शिकारी पक्ष्याला वॉर्डात ठेवीत नाहीत हे खरे, पण उपचार करून सोडतात, दारातून परतवीत नाहीत." आणि मेघरथ राजाची कथा काढली. आपल्यापैकी बहुतेकांनी ती लहानपणी ऐकलेली असते. पुढे सोळावे तीर्थंकर शांतिनाथ झालेल्या या राजाच्या मांडीवर भ्यालेले कबुतर येऊन पडते आणि मागोमाग ससाणा येतो, हे सर्वांच्या ध्यानात असते. पण ससाण्याचे बोलणे आपण विसरतो. तो राजाला विचारतो, याच्यावर दया केलीस, मग मी भुकेने मरावे, ही कोणती दया? राजा त्याला हाकलीत नाही. त्याचा प्रश्न खरा मानून तो तराजूत स्वतःचे मांस घालतो.

"आपण राजे नाही," शेठजी हळूच म्हणाले. सभेत हशा पिकला, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते.

इतका वेळ गप्प असलेली सौभाग्यवती तेव्हा बोलली. "भाऊ, ज्वारी तुमची, टाकणारी मी. होले उघड्या भिंतीवर दाटीने बसतात म्हणून तो तिथे येतो. त्याचं ताट आपणच मांडतोय. आणि घरट्यात पिलं आहेत. खाली उतरवलं तर ती जगायची नाहीत. ते पाप कुणी घ्यायचं?"

कोणी काही बोलले नाही. विषय पुढील सभेपर्यंत तहकूब करण्यात आला. चिटणीसांनी इतिवृत्तात 'पक्ष्याबाबत चर्चा झाली' एवढेच लिहिले.

दुसऱ्या दिवसापासून तिने भिंतीवर दाणे टाकणे थांबवले. आता ती मागच्या बाजूला बोगनवेलीच्या दाट काटेरी झुडपाखाली, ओंजळीऐवजी चिमूट-चिमूट, पसरून टाकते. चिमण्या आणि होले तिथे आत शिरून खातात. पारवे मात्र नाराज आहेत. पहिले आठ दिवस ते रिकाम्या भिंतीवर रांगेने बसून आमच्या गॅलरीकडे पाहत राहिले. शेठजींनी विचारले, "मग यंदा पोते कमी पाठवू का?" ती म्हणाली, "अर्धे पुरेल." ही 'अर्धे पुरेल' त्यांना लागली असावी. तरी पोते आले, अर्धेच.

ज्येष्ठ लागताना पिले बाहेर पडली. दोन दिसली. तपकिरी पाठीची, छातीवर पट्ट्यांऐवजी उभे ठिपके असलेली, आणि विलक्षण धांदरट. परवा पावसाची एक सर येऊन गेल्यावर त्यांतील एक पिलू कडुलिंबाच्या खालच्या फांदीवर येऊन बसले. खोडावरून एक खार उतरत होती. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो, हातही वर आले होते. पिलाने झेप घेतली. खार गर्रकन खोडाच्या पलीकडे गेली, आणि ते भलत्याच फांदीवर आदळून, पंख सावरीत, ओले होऊन खाली कठड्यावर बसले.

स्वयंपाकघरातून सौभाग्यवतीने विचारले, "काय झालं? मिळाली त्याला?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, भांडी लावता लावता, "उपाशीच असेल सकाळपासून."