सील ओतले का, ते उघडून पाहा

रसायन कारखान्यातल्या स्विचच्या फ्लेमप्रूफ पेटीत ठिणगी पडते, तीत शिरलेला वायू पेटतो आणि स्फोट पेटीतच जिरतो. पेटीची रचनाच तशी असते. प्रश्न तिच्यातून निघणाऱ्या पाइपचा, म्हणजे कंड्युटचा आहे. तो मोकळा राहिला तर ज्वाला त्यातून पुढे धावते, समोरचा न जळलेला वायू दाबत नेते आणि दुसऱ्या टोकाचा स्फोट पहिल्याहून जबर होतो.

हे थांबवते सील.

अमेरिकेच्या विद्युत संहितेनुसार ठिणगी पडणाऱ्या पेटीपासून ते 18 इंचांच्या आत हवे आणि त्यात ओतलेल्या, घट्ट होणाऱ्या कंपाउंडचा थर किमान 16 मिलिमीटर. काम किचकट असते. खाली तंतूंचा बांध घालायचा, एकमेकींना चिकटलेल्या तारा सुट्या करायच्या, म्हणजे प्रत्येकीभोवती कंपाउंड उतरते, मगच ओतायचे. चाचणीच्या घाईत नेमके हेच राहून जाते. वर प्लग घट्ट बसवलेला, आत पोकळी. बाहेरून काहीच कळत नाही.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कंड्युटऐवजी चिलखती केबल आणि ती पेटीत घट्ट बसवणारे ग्लँड असतात. म्हणून धोका टळत नाही: केबलच्या आतल्या फटींतूनही वायू सरकतो, तिथे कंपाउंड भरलेला बॅरियर ग्लँडच लागतो.

फ्लेमप्रूफ उपकरणांना मान्यता देणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरातच आहे. पण पेटीच्या प्रमाणपत्रावरून सील ओतल्याचे सिद्ध होत नाही. प्रत्येक सीलची तारीख, ओतणाऱ्याचे नाव आणि फोटो यांची नोंद कारखान्यांना सक्तीची करावी; तपासनिसाने त्यांतली काही सील स्वतः उघडून पाहावीत.