वरचा रंग आणि आतले रबर

घरातील जुनी मोटार ही पुष्कळ कुटुंबांत एखाद्या वडीलधाऱ्या माणसाप्रमाणे असते. तिच्याकडून फारशा कामाची अपेक्षा कोणी करीत नाही. पण तिच्यावाचून अंगण सुने वाटते. मुंबईतील शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा जे त्या टॅक्सीत केवळ उतारू म्हणून बसले होते त्यांनाही हळहळ वाटली. मग कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली तशी एखादी मोटार, किंवा तिच्या बरोबरीची दुसरी, ज्यांच्या दारी अद्याप उभी आहे, त्यांनी तिला नटवावे यात नवल ते काय? या हौसेत अलीकडे एका गोष्टीची भर पडली आहे. इंजिनाचे बाहेरून दिसणारे भाग सोडवावयाचे आणि त्यांवर पावडर कोटिंग करून आणावयाचे. हौस चांगली आहे. परंतु तिच्यात एक खोच आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळे काय होते ते सांगण्यासाठीच यंदाचे हे पान आम्ही खर्ची घालीत आहोत.

आमच्या एका स्नेह्यांच्या घरी घडलेला प्रकार प्रथम सांगतो. घर चार भावांचे, एकत्र नांदणारे. मोटार आजोबांनी आपल्या नोकरीच्या काळात घेतलेली. आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन ठरले आणि समारंभानंतर त्यांना त्याच मोटारीतून कुलदैवताच्या दर्शनास न्यावयाचे असा बेत झाला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या नातवाने इंजिन चकचकीत करण्याचे मनावर घेतले. त्याने टॅपेट कव्हर आणि टायमिंग कव्हर सोडवून कोटिंगच्या दुकानी दिले. टायमिंग कव्हरात क्रँकच्या दांड्याभोवती बसणारे ऑईल सील तसेच होते. दुकानदार म्हणाला, "त्यावर टेप लावतो, काही होणार नाही." चार दिवसांनी भाग परत आले ते काळेभोर, आरशासारखे. घरातील बायकांनीही कौतुक केले.

पुढे पंधरा दिवस अंगणात तेलाचे थेंब पडू लागले. जुनी मोटार म्हटली की थेंब पडावयाचेच, असे म्हणून सर्वांनी दुर्लक्ष केले. समारंभ यथासांग पार पडला आणि मंडळी दर्शनास निघाली. घाट चढत असता तेलाचा तांबडा दिवा लागला. मोटार काका चालवीत होते. त्यांनी तत्काळ इंजिन बंद केले म्हणून बेअरिंगे वाचली. आजोबांनी उरलेला प्रवास भाड्याच्या गाडीतून केला. ते काही बोलले नाहीत. पण नातवाला त्या न बोलण्याचेच अधिक लागले. नंतर कव्हर उघडले तेव्हा सीलचे रबर वाळलेल्या चिंचेच्या सालीसारखे कडक झालेले आढळले.

दुकानदाराने टेप लावली नव्हती असे नाही. लावली होती. चूक होती ती टेपेने काय साधते हे न समजण्यात. आणि ती समजण्यासाठी या कोटिंगची रीत थोडक्यात पाहिली पाहिजे.

नेहमीच्या रंगात रंगद्रव्य पातळ द्रवात कालविलेले असते. द्रव उडून जातो आणि रंग मागे राहतो. पावडर कोटिंगमध्ये द्रव मुळीच नसतो. पीठच असते, राळेसारख्या कृत्रिम द्रव्याचे आणि रंगाचे. या रीतीचा पाया जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५३ च्या सुमारास घातला. ते तापविलेला भाग हवेने खळखळत ठेवलेल्या पिठात बुडवीत. पुढे १९६० नंतरच्या दशकात विजेच्या भाराने पीठ चिकटविण्याची पद्धत रूढ झाली, आणि आज दुकानांतून तीच चालते. बंदुकीतून निघणाऱ्या पिठास विजेचा भार दिलेला असतो. भाग जमिनीशी तारेने जोडलेला असतो. म्हणून पीठ त्याच्या अंगास सर्व बाजूंनी बिलगते. मग तो भाग भट्टीत जातो. तेथे साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णतेत दहा ते वीस मिनिटे पीठ वितळते, पसरते आणि घट्ट होते. ही मिनिटे मोजावयाची ती धातू तितका तापल्यानंतर, भाग भट्टीत ठेवल्यापासून नव्हे. ओतीव भाग जाड असला तर तो तापण्यासच पुष्कळ वेळ लागतो; म्हणजे एकंदर मुक्काम बराच लांबतो.

आता सीलकडे वळू. फिरत्या दांड्याभोवती तेल अडविणारे सील म्हणजे धातूच्या कड्यात बसविलेला रबराचा पातळ ओठ. तो दांड्यास हलकेच चिकटून राहतो, आणि त्याच्या पाठीशी बहुधा एक बारीक स्प्रिंग असते. पूर्वी हे काम चामडे करी. जर्मनीतील फ्रॉयडेनबर्ग हा मूळचा चामडे कमाविणारा कारखाना; त्याने १९२९ मध्ये काढलेली सीले चामड्याचीच होती. स्थिर जोडांत जी गोल ओ-रिंग बसवितात, तिचे अमेरिकन पेटंट नील्स ख्रिस्टेन्सन या डेन्मार्कात जन्मलेल्या यंत्रज्ञाने १९३७ मध्ये मागितले आणि १९३९ मध्ये त्यांस ते मिळाले. अर्ज केला तेव्हा त्यांचे वय ७२ वर्षांचे होते, हे आमच्या वृद्ध वाचकांस वाचून आनंद होईल.

जुन्या मोटारींतील बहुतेक काळी सीले नायट्राइल रबराची असतात. हे रबर तेलास दाद देत नाही, पण उष्णतेस देते. सुमारे १०० अंशांपर्यंत ते दीर्घकाळ टिकते. त्याहून फार वर गेले की त्याची लवचिकता जाते, ते ताठरते आणि अखेर तडकते. व्हिटॉन नावाचे जे रबर १९५७ मध्ये बाजारात आले ते २०० अंशांपर्यंत टिकते. म्हणून काही जण विचारतात, "आमचे सील व्हिटॉनचे आहे, मग राहू द्यावे का?" आमचे उत्तर, नाही. भट्टीपूर्वी भाग वाळूसारख्या कणांच्या फवाऱ्याने घासून काढतात. तो एक कण ओठावर बसला तरी पुरे. शिवाय ओठाच्या काठावर पीठ बसून कडक झाले तर दांड्यास चिकटणारी ती नाजूक धार नाहीशी होते.

टेपेचा गैरसमज येथेच आहे. टेप पीठ अडविते, उष्णता अडवीत नाही. सील कव्हरात बसलेले आहे आणि कव्हर २०० अंश तापले, तर वर टेप असो वा नसो, सीलही तितकेच तापावयाचे. यास्तव सील झाकून वाचत नाही. ते काढूनच वाचवावे लागते. किंबहुना वाचविण्याच्या खटपटीत न पडता ते काढावे, टाकावे आणि काम झाल्यावर नवे बसवावे. जुन्या सीलच्या कड्यावर बहुधा तीन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ३५-५२-७. पहिला दांड्याचा व्यास, दुसरा बाहेरचा व्यास, तिसरा जाडी, सर्व मिलिमीटरमध्ये. हे आकडे, ओठाचे तोंड कोणत्या बाजूस होते आणि सील किती खोल बसले होते, एवढे काढण्यापूर्वी वहीत टिपून ठेवले म्हणजे दुकानी नवे मागताना अडचण पडत नाही.

मग टेप लावावयाची कोठे? जेथे पीठ नको तेथे. कोटिंगचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाएवढा जाड असतो. तो दिसावयास क्षुल्लक. पण सील ज्या भोकात दाबून बसते त्याच्या भिंतीवर बसला तर नवे सील आत जात नाही, किंवा वाकडे जाते. गॅस्केट बसते त्या घासलेल्या सपाट बाजूवर तो बसला तर जोड नीट दाबला जात नाही. बोल्टच्या डोक्याखाली बसला तर उष्णतेने हळूहळू दबतो आणि आवळलेला बोल्ट सैल पडतो. अर्थिंगची तार जेथे जोडलेली असते तेथे बसला तर विजेची वाट अडते. या सर्व जागा उष्णता सोसणाऱ्या टेपेने झाकाव्यात आणि आट्यांच्या भोकांत सिलिकॉनची बुचे घालावीत. स्वयंपाकघरातला किंवा कचेरीतला साधा चिकटपट्टीचा गुंडा येथे उपयोगी नाही.

दुसरा धोका रबराचा नसून कणांचा आहे, आणि तो अधिक घातक आहे. टॅपेट कव्हराच्या आतील बाजूस पुष्कळदा रिबिटांनी ठोकलेला एक पत्रा असतो. इंजिनातील वाफेबरोबर तेल बाहेर जाऊ नये म्हणून तो दिलेला असतो. फवाऱ्याचे कण त्याच्या मागे जाऊन दडतात. घरी किती धुतले तरी सर्व निघत नाहीत. इंजिन चालू झाल्यावर तापाने आणि हादऱ्याने ते तेलात पडतात आणि बेअरिंगे ओरबाडतात. म्हणून तो पत्रा काढता येत असेल तर काढावा. नसेल तर त्या भागावर कणांचा फवारा न मारता तो औषधाने साफ करावा. मात्र ॲल्युमिनियमच्या भागास कॉस्टिक सोड्याच्या हौदात कोणी बुडवू देऊ नये. तो धातूच खातो. ज्या भागांच्या पोटात तेलाच्या अरुंद वाटा आहेत, ते भाग या रंगाच्या नादी न लावलेलेच बरे.

ओतीव ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म छिद्रांत वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते. भट्टीत ते वर येते आणि रंगास फोड आणते. त्यासाठी पीठ मारण्यापूर्वी भाग एकदा नुसताच, पुढील भट्टीपेक्षा किंचित अधिक तापवून, घाम गेला म्हणजे पुन्हा पुसून घ्यावा. चांगले दुकान हे आपण होऊन करते. दुकानदारास हा प्रश्न विचारून पाहावा. उत्तरावरून त्याची पारख होते.

काही भाग मुळीच देऊ नयेत. पाण्याच्या पंपाच्या पोटात दांड्याचे सील आणि बेअरिंग असते आणि ते दाबयंत्रावाचून निघत नाही. पंप अखंड असेल तर तो जसा आहे तसाच राहू द्यावा. पडद्याचा पेट्रोल पंप, कार्बुरेटर आणि डायनॅमो यांसही हेच लागू. धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डवर साधे पावडर कोटिंग टिकत नाही, कारण तो भट्टीहूनही अधिक तापतो. आणखी एक विनंती विशेषतः घरातील तरुणांस. ज्या ओव्हनमध्ये अन्न शिजते त्यात असला भाग एकदाही भाजू नये, आणि बंद खोलीत हे पीठ उडवू नये. हवेत भरलेले पीठ ठिणगीने भडकते.

आमच्या स्नेह्यांकडे पुढे काय झाले? सील केवढ्यास मिळते, असे आजोबांनी नातवास विचारले. दोनशे रुपयांच्या आत, असे त्याने सांगितले. "मग आणखी एक आण आणि या वेळी तू स्वतः बसव," एवढेच ते म्हणाले. नातवाने भाग थंड झाल्यावर सीलच्या ओठास तेल लावले, ओठ तेलाच्या बाजूस ठेवला आणि सीलच्या मापाचा सपाट ठोकळा घेऊन ते चोहोबाजूंनी सारखे दाबीत खाली नेले. महिनाभर रोज सकाळी तो अंगणातील फरशी पाही. थेंब पडला नाही. चैत्रात मोटार घाट चढून गेली, आजोबा पुढच्या आसनावर होते, आणि कव्हराचा तो काळा रंग अद्याप तसाच चकचकीत आहे.