गाभा नवा, निवड आपली

पूर ओसरला की काशीच्या भोसले घाटावरील गाळ काढून नागपूरकर भोसल्यांच्या पायऱ्या मोकळ्या कराव्या लागतात. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्याचीही, म्हणजे कर्नेलची, निगा अशीच वारंवार राखावी लागते. त्याची नवी आवृत्ती सुमारे ९-१० आठवड्यांनी येते.

आपल्या यंत्रास अनुरूप निवड ‘कॉन्फिग’ फाइलीत असते. ती नव्या आवृत्तीत आणून ‘ओल्डकॉन्फिग’ आज्ञा दिल्यास केवळ नवे पर्याय विचारले जातात; ‘ओल्डडेफकॉन्फिग’ मात्र न विचारताच ठरीव उत्तरे घेते. एखाद्या पर्यायाचे नाव बदलले असल्यास जुनी निवड मुकाट्याने गळू शकते. ती डिस्कसंबंधी असली तर यंत्र सुरूच होत नाही. म्हणून प्रत्येक निवडीचे कारण लिहावे, दोन्ही फाइलींची तुलना करावी आणि जुना चालता गाभा जपून ठेवावा.