छापील उत्तर

आपल्या हातून एकादें पुस्तक व्हावें, ही इच्छा शिकल्यासवरल्या मनुष्याच्या मनांत जन्मांत एकदां तरी डोकावतेच. आमच्याहि मनांत ती होती. मात्र आमच्या कल्पनेंतील पुस्तक निराळें होतें. कधीं तें प्रवासवर्णन असे, तर कधीं आजोळच्या आठवणींचें. प्रत्यक्षांत आमच्या नांवानें जें पहिलें पुस्तक छापून निघालें, तें परीक्षेचें गाईड होतें! नाटककार होण्याच्या उमेदीनें घराबाहेर पडलेल्या गृहस्थानें अखेर आगगाडीचें वेळापत्रक छापावें, तशांतलाच हा प्रकार. तथापि या गाईडानें आम्हांस जो धडा शिकविला, तो प्रवासवर्णनानें शिकविला नसता; आणि घरोघरच्या आईबापांस तो उपयोगी पडेलसें वाटल्यावरून या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम परीक्षेविषयीं दोन शब्द. एका संगणकाचें दुसऱ्याशीं बोलणें ज्या यंत्रांच्या द्वारें चालतें, तीं तयार करणारी सिस्को ही अमेरिकन कंपनी १९८४ सालीं स्थापन झाली. तिनें १९९८ सालीं सीसीएनए नांवाची परीक्षा सुरू केली. आपण बँकेंत पैसे भरतों, इस्पितळांत तपासणीचे कागद घेतों, तेव्हां संगणकांचें एक जाळें पडद्याआड राबत असतें. त्या जाळ्याची जोडणी व निगराणी करूं इच्छिणाऱ्या नवशिक्यास ही परीक्षा म्हणजे नोकरीच्या वाटेवरची पहिली पायरी होय. परीक्षेस वेळ १२० मिनिटें, प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षें. आणि फी अशी कीं, मध्यम स्थितींतील कुटुंबानें ती भरण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

या धंद्यांत आमचीं बावीस वर्षें गेलेलीं. २०१९ च्या आरंभीं एका प्रकाशकांनीं आम्हांस गांठलें. ते म्हणाले, "इंग्रजींत या विषयावर पुस्तकें उदंड आहेत, परंतु दहावीपर्यंत मराठींत शिकून पुढें डिप्लोमा केलेल्या मुलानें काय करावें? विषय त्याच्या आवाक्यांतला असतो, पण पहिल्या दहा पानांतच तो धीर सोडतो." त्यांचें म्हणणें आम्हांस पटलें. शिवाय, पोटापाण्याचा विषय, रोजच्या हातचा. चार महिन्यांत पुस्तक हातावेगळें करूं, अशी घमेंडहि थोडीबहुत होतीच. त्या चार महिन्यांचीं दोन वर्षें झालीं.

घमेंड उतरविण्याचा मान आमच्या सौभाग्यवतींचा. त्यांनीं शाळेंत पुष्कळ वर्षें गणित शिकविलेलें. संगणकाच्या जाळ्याशीं त्यांचा संबंध मोबाईलपुरता. म्हणूनच पहिलें प्रकरण आम्हीं त्यांच्या हातीं दिलें. आतां, एका यंत्रानें दुसऱ्यास 'आहेस का?' असें विचारून पाहण्याची एक सोय असते, तिला पिंग म्हणतात. सिस्कोचा राऊटर अशा पांच हाका मारतो. पुष्कळदां पहिली हाक वाया जाते व उरलेल्या चारांस उत्तर येतें. पडद्यावर एक टिंब आणि चार उद्गारचिन्हें उमटतात. आम्हीं लिहिलें होतें, 'पहिली हाक वाया गेल्यास काळजी करूं नये.' सौभाग्यवतींनीं समासांत पेन्सिलीनें एकच अक्षर लिहिलें: 'कां?'

आम्ही म्हणालों, "तें तसेंच असतें."

"अहो, हें उत्तर वर्गांत एकाद्या मुलीनें दिलें असतें, तर मीं तिला बांकावर उभी केली असती!"

त्या रात्रीं आम्ही जुनीं टिपणें काढून बसलों. कारण असें कीं, शेजारच्या यंत्रास हाक पोंचविण्यासाठीं त्याचा आकडी पत्ता पुरत नाहीं, त्याची कायमची यांत्रिक खूणहि ठाऊक असावी लागते. ती ठाऊक नसली तर राऊटर आधीं सर्वांस विचारतो, 'हा आकडा कोणाचा?' या रीतीला एआरपी म्हणतात व ती १९८२ सालीं लेखी नमूद झाली. विचारपूस चालू असतां हातांतली पहिली हाक टाकून दिली जाते. खूण कळली म्हणजे पुढच्या चार सुखरूप जातात. हें सारें आम्हीं कधींकाळीं वाचलें होतें खास. परंतु बावीस वर्षें हाताखालच्या मुलांस आम्ही 'काळजी करूं नका' एवढेंच सांगत आलों होतों. हात जें जाणतो तें डोक्याला ठाऊक असतेंच असें नाहीं, हें दुसऱ्यास समजावून देण्याची वेळ येईपर्यंत कळत नाहीं. त्या एका 'कां'पायीं आम्हीं पहिलीं तीन प्रकरणें पुन्हां लिहिलीं.

पुढची अडचण शब्दांची. आमचे एक स्नेही शुद्ध मराठीचे कडवे अभिमानी. राऊटरला 'मार्गदर्शक' म्हणावें, असा त्यांचा आग्रह. आम्हीं त्यांस नम्रपणें विचारलें कीं, मग आमच्या पुस्तकाचें नांव 'मार्गदर्शकांचें मार्गदर्शक' ठेवावें काय? अखेर असें ठरविलें कीं, परीक्षा इंग्रजींत द्यावयाची असल्यानें वस्तूंचीं नांवें इंग्रजीच ठेवावीं, परंतु त्या वस्तु काय करतात तें घरांत बोलतों त्या मराठींत सांगावें. हा निर्णय आम्हांस आजहि योग्य वाटतो.

पुस्तक अर्ध्यावर आलें असेल-नसेल, तों २०१९ च्या जून महिन्यांत कंपनीनें जाहीर केलें कीं, २४ फेब्रुवारी २०२० पासून अभ्यासक्रम बदलणार. निरनिराळ्या शाखांच्या बहुतेक सीसीएनए परीक्षा जाऊन त्यांच्या जागीं एकच परीक्षा येणार होती. ज्यावर आम्हीं सर्वांत अधिक मेहनत घेतली होती, तें ईआयजीआरपी नांवाच्या मार्गनिवडीच्या रीतीवरील प्रकरण गळलें. त्या जातीच्या रीतींपैकीं ओएसपीएफ एवढीच उरली. उलट, यंत्रांचीं कामें लहानशा प्रोग्रामांकडून करवून घेण्याचा, म्हणजे ऑटोमेशनचा, भाग नव्यानें आला व त्याला शेकडा १० गुण ठेवले गेले. त्या भागांत आम्हीच विद्यार्थी होतों! लिहून झालेलीं पानें बाजूस टाकतांना जीव हळहळला. पण जी परीक्षा उरलीच नाहीं तिच्या तयारीचें पुस्तक विकत घ्या, असें कोणत्या तोंडानें सांगणार?

परीक्षेच्या पुस्तकाचा जीव त्याच्या प्रश्नांत असतो. येथें प्रकाशकांशीं आमचा थोडा खटका उडाला. प्रत्यक्ष परीक्षेंत आलेले प्रश्न कोणाकडून तरी मिळवून छापावे, म्हणजे पुस्तक हातोहात खपेल, असें त्यांचें मत पडलें. परीक्षेस बसणारा मनुष्य प्रश्न बाहेर न फोडण्याचें वचन देऊन बसतो. तें मोडणाऱ्यांकडून माल घेऊन दुकान मांडण्यास आम्हीं साफ नकार दिला. नीति क्षणभर बाजूस ठेवली तरी, पाठ केलेल्या उत्तरांवर नोकरी मिळविलेला मुलगा एके मध्यरात्रीं इस्पितळाच्या बंद पडलेल्या जाळ्यापुढें उभा राहील, तेव्हां तेथें चार पर्याय छापलेले नसतात. प्रकाशक सज्जन, त्यांनीं आमचें ऐकलें.

मग आम्हीं स्वतः दोनशें प्रश्न रचले. खरें उत्तर लिहिणें सोपें असतें. कठीण असतात तीं खोटीं तीन. तीं वेडगळ असून चालत नाहीं. नवशिक्याचा पाय जेथें खरोखर घसरतो, तेथलेंच तें उत्तर असावें लागतें. याप्रमाणें खोटीं उत्तरें हेतुपूर्वक रचण्यांत आम्ही गढून गेलों असतां, एक खोटें उत्तर नकळत खऱ्याच्या जागीं जाऊन बसलें.

तें कसें झालें, हें कळण्यास थोडें गणित सांगणें भाग आहे. जाळ्यांतील प्रत्येक यंत्राला चार आकड्यांचा पत्ता असतो. प्रत्येक आकडा ० पासून २५५ पर्यंत. शेवटचा आकडा म्हणजे २५६ खोल्यांच्या वाड्यांतील खोलीचा क्रमांक समजावा. वाड्याची वांटणी होते, आणि तिचें वांटणीपत्र म्हणजे मास्क. मास्कचा शेवटचा आकडा १९२ असेल, तर २५६ मधून १९२ वजा जातां ६४ उरतात. म्हणजे प्रत्येक हिश्शास ६४ खोल्या. तो २२४ असेल तर हिस्सा ३२ खोल्यांचा. प्रत्येक हिश्शांतील पहिला क्रमांक त्या हिश्शाच्या नांवाचा, शेवटचा दवंडीचा, म्हणजे तेथें दिलेला निरोप सर्वांस ऐकूं जातो. मधल्या खोल्या राहण्याच्या.

आमचा प्रश्न असा होता: पत्ता १९२.१६८.१०.७७, मास्क २५५.२५५.२५५.२२४, तर दवंडीचा क्रमांक कोणता? हिस्से ३२-३२ चे. ७७ ही खोली ६४ ते ९५ या हिश्शांत पडते. म्हणून उत्तर ९५. मूळ हस्तलिखितांत मास्क १९२ चा होता. तेव्हां हिस्सा ६४ ते १२७ आणि उत्तर १२७ हें बरोबर होतें. मुद्रितें तपासतांना, मागच्याच पानावर १९२ चा एक प्रश्न येऊन गेल्याचें आमच्या लक्षांत आलें. म्हणून आम्हीं प्रश्नांतील मास्क बदलला. उत्तर बदलावयाचें राहिलें. दोन्ही हिशोबांत हिस्सा ६४ पासूनच सुरू होत असल्यानें चूक पुढें आमच्या डोळ्यांत भरली नाहीं.

पुस्तक २०२१ सालीं बाहेर पडलें. दोन महिन्यांनीं कोंकणांतील एका विद्यार्थ्याचें ई-पत्र आलें. मजकूर थोडका होता. "सर, ११८ व्या प्रश्नाचा हिशोब मीं सहा वेळां केला. दर वेळीं उत्तर ९५ येतें. पुस्तकांत १२७ आहे. माझें कोठें चुकतें तें कृपा करून सांगावें. एवढें साधें गणित जमत नाहीं, तर ही परीक्षा माझ्यासाठीं नाहीं असें वाटूं लागलें आहे. फी अजून भरलेली नाहीं. न भरावी असा विचार आहे."

पुस्तक उघडून पाहिलें आणि आमच्या पायांखालची जमीन सरकली. पत्राखालीं फोनचा क्रमांक होता. त्याच घटकेस फोन करून आम्हीं सांगितलें, "तुमचें उत्तर बरोबर आहे. चूक आमची आहे."

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो मुलगा अगदीं अदबीनें म्हणाला, "पण सर, छापलेलें आहे ना?"

वाचकहो, हें वाक्य आम्ही आजतागायत विसरलों नाहीं. सहा वेळां केलेल्या आपल्या बरोबर हिशोबापेक्षां एका छापील चुकीवर त्याचा विश्वास अधिक होता. जाणता मनुष्य चूक पाहून हंसतो आणि पान उलटतो. नवशिक्या मात्र ग्रंथकारास दोष देत नाहीं. तो स्वतःस दोष देतो. पुस्तक ज्याच्यासाठीं लिहावयाचें, त्यालाच तें चुकल्याचें ओळखतां येत नाहीं, आणि म्हणून ग्रंथकारावरील जबाबदारी तेथें दुप्पट होते. समासांत 'कां?' लिहिणारें माणूस आमच्या घरांत होतें. त्या मुलाच्या घरांत नव्हतें.

पुढें काय झालें तें थोडक्यांत. उरलेल्या प्रतींत शुद्धिपत्र चिकटविलें. सौभाग्यवतींनीं आमचीं उत्तरें झांकून ठेवून पुस्तकांतील सर्व आकडेमोड स्वतः केली, आणि आणखी तीन चुका काढल्या. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत आम्हीं एक वाक्य घातलें: 'तुमचें उत्तर आणि पुस्तकांतील उत्तर जुळत नसेल तर हिशोब पुन्हां करा, तरीहि जुळलें नाहीं तर पुस्तकाविषयीं शंका घ्या व आम्हांस कळवा.' प्रकाशकांस हें वाक्य पुस्तकाच्या अब्रूस बाधक वाटलें; आम्हीं तें ठेवलें. त्या मुलानें फी भरली. पहिल्या खेपेस तो थोडक्यांत राहिला, दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला, आणि तें कळवितांना ६९ व्या पानावरील एक छापील चूकहि त्यानें न विसरतां कळविली. उत्तीर्ण झाल्याच्या वार्तेपेक्षां आम्हांस त्या चुकीच्या वार्तेनें अधिक समाधान झालें, हें खरें सांगतों.

आतां परीक्षांचे दिवस येतील. आपल्या घरांतील मूल उत्तर जुळत नाहीं म्हणून रडकुंडीस आलें, तर 'नीट लक्ष दे' म्हणण्यापूर्वीं त्याच्याजवळ बसून तो हिशोब एकदां स्वतः करून पाहावा. बहुधा चूक मुलाचीच निघेल. पण एकाद्या वेळीं ती आमच्यासारख्या ग्रंथकाराची असते, आणि तें मुलास सांगावयास घरांतलें कोणीतरी जवळ असावें लागतें.